डिस्नेच्या हॉटेलात नोकरी आहे म्हणे!

आपाचा फोन रात्री साडेदहाला आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करीत नाही. इशाची नमाज झाली की तिच्या घरात सामसूम होते. आवाज दबलेला होता, म्हणजे दुल्हाभाई शेजारच्या खोलीत जागे असावेत.

"छोटी, तू पेपरबिपर वाचतेस ना? अबुधाबीत डिस्नेलँड होतंय म्हणे. खरं का?"

"होणार आहे. खरं आहे."

"मग त्याची हॉटेलंपण होणार?"

"होतील की. पण झालं काय?"

मग हळूहळू सगळे बाहेर आले. भाच्याने दोन वर्षांपूर्वी हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली. तेव्हापासून तो आज या हॉटेलात, उद्या त्या हॉटेलात, हंगामापुरता कामाला जातो. तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाने त्याला सांगितले, की अबुधाबीच्या डिस्ने हॉटेलात आगाऊ भरती चालू आहे, महाराष्ट्राचा कोटा थोडाच आहे, आता नाव घातले तर पहिल्या तुकडीत नंबर लागेल. एकूण खर्च ८५ हजार. त्यातले दहा हजार आणि पासपोर्ट देऊन झाला होता. उरलेले ७५ हजार आठवड्यात द्यायचे होते. आपाच्या हातात दोन पाटल्या उरल्या आहेत. त्यातली एक मोडावी का, हे विचारायला तो फोन होता.

"थांब. मी बघते आणि सांगते," एवढेच मी म्हटले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही नीट माहीत नव्हते. बातमी वाचली होती, मिकी माऊसचे चित्रही पाहिले होते, पुढचे काही लक्षात नव्हते. त्यानंतरचे आठ-दहा दिवस शाळेतून आले की मी हेच वाचत बसले. वाचता वाचता कळले, की डिस्नेचे नवे पार्क आणि नवी हॉटेले यांच्या वावड्या हा एक जगभरचा धंदाच आहे, आणि तो साठ वर्षे चालू आहे. आपल्याकडे तो आत्ता पोचला, इतकेच. तुमच्याही घरातला कोणी ना कोणी आखातात असेल किंवा जायच्या तयारीत असेल, म्हणून हे लिहिते आहे.

खरे किती?

आधी खरे काय ते. ७ मे २०२५ रोजी वॉल्ट डिस्ने कंपनी आणि अबुधाबीची मिराल ही कंपनी यांनी मिळून जाहीर केले, की अबुधाबीच्या यास बेटावर समुद्रकाठी डिस्नेचे थीम पार्क आणि रिसॉर्ट होणार. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय यांच्यानंतरचे हे सातवे. यास बेट आखातात राहणाऱ्यांना नवे नाही. फेरारी वर्ल्ड तिथे २०१० पासून आहे, वॉर्नर ब्रदर्सचे पार्क २०१८ मध्ये आले, सीवर्ल्ड २०२३ मध्ये. जगातली एकतृतीयांश माणसे अमिरातीपासून चार तासांच्या विमानप्रवासात राहतात, असा हिशेब या घोषणेत मांडला होता. त्या एकतृतीयांशात आपण आलोच.

आता ज्या गोष्टी व्हॉट्सॲपवरच्या निरोपात नसतात त्या. पैसा मिराल घालणार, बांधणार मिराल आणि चालवणारही मिराल. डिस्ने आराखडा करणार, आपले नाव आणि पात्रे वापरू देणार व त्याचा मोबदला घेणार. टोकियोतही असेच आहे. तिथले डिस्नेलँड १९८३ पासून ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते. म्हणजे उद्या यास बेटावरच्या हॉटेलात चादरी बदलायला माणसे लागली, तर ती घेणारी मुख्य कंपनी कोण असेल याचा अंदाज या करारावरून येतो. भाच्याला दाखवलेल्या कागदावर मात्र वरपासून खालपर्यंत डिस्नेच डिस्ने होते.

दुसरी गोष्ट तारखेची. घोषणेच्या वेळी उद्घाटनाची तारीख दिलीच नव्हती. आराखडा पक्का व्हायला दीड ते दोन वर्षे आणि बांधायला सुमारे पाच वर्षे, असा अंदाज डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब इगर यांनी सांगितला होता. बोटांवर मोजा. २०३० उजाडल्यानंतरची गोष्ट आहे ती. ज्या हॉटेलाचा पाया खणलेला नाही, त्याच्या खोल्या झाडायला माणसे आज कशी घेतील?

हे मी आपाला दुसऱ्या दिवशीच सांगितले. ती म्हणाली, "पण एजंट म्हणतो, मोठ्या कंपन्या आतल्या आत आधीच माणसं घेतात. बाहेर बोलत नाहीत."

तिचे हे वाक्य मला सोडेना, कारण त्यात तथ्य आहे. मोठ्या कंपन्या खरोखरच आतल्या आत कामे करतात आणि बाहेर बोलत नाहीत. डिस्नेच्या बाबतीत तर सगळ्या अफवांचे मूळ तिथेच आहे.

दलदलीची खरेदी

१९६४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो गावाच्या नैऋत्येला, कोणीतरी जमीन घ्यायला लागले. जमीन म्हणजे काय, दलदल, झुडपे आणि गुरांची कुरणे. तिकडे फार कोणी फिरकत नसे. घेणाऱ्या कंपन्यांची नावे कोणी ऐकलेली नव्हती. एकीचे नाव लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट, एकीचे टॉमाहॉक प्रॉपर्टीज, एकीचे रीडी क्रीक रँच. आणखी एकीचे आयफोर कॉर्पोरेशन. तिथून जाणाऱ्या महामार्गाला आय-फोर म्हणतात, त्यावरून केलेली ही थट्टा होती, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. या सगळ्या कंपन्यांच्या मागे एकच माणूस होता, वॉल्ट डिस्ने. कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये पहिले डिस्नेलँड उघडल्यावर त्याच्या भिंतीला लागून भराभर परक्यांची हॉटेले उभी राहिली, कमाई ती घेऊन गेली, आणि डिस्नेला हात पसरायला जागा उरली नाही. ती चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती.

खरेदी वाढली तशी गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे फोर्डचा मोटार कारखाना येतोय, कोणी म्हणे विमानाचा कारखाना, कोणी अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजचे नाव घेई. न्हाव्याच्या दुकानात, हॉटेलात, चर्चच्या आवारात हाच विषय. आपल्याकडे विमानतळाची नाहीतर महामार्गाची बातमी उठली, की एसटी स्टँडवर जे चालते तेच.

ओरलँडो सेंटिनेल या स्थानिक वर्तमानपत्रात एमिली बेव्हर नावाच्या बाई होत्या. डिस्नेलँडला दहा वर्षे झाली म्हणून १९६५ मध्ये पत्रकारांना कॅलिफोर्नियात बोलावले होते, त्यात या गेल्या. तिथे त्यांनी खुद्द वॉल्ट डिस्नेला सरळ विचारले, की फ्लोरिडातली ती जमीन तुम्हीच घेताय का? त्याने नाही म्हटले, पण तो दचकला. शिवाय नाही म्हणताना त्याने त्या भागाची इतकी बारीक माहिती सांगितली, की बाईंची खात्री पटली. ज्याला तिथे काही करायचेच नाही, त्याला एवढे ठाऊक कशाला? ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पत्राने ठळक मथळ्याने छापले, की हा डिस्नेच आहे. फ्लोरिडाच्या गव्हर्नरांना लगोलग दुजोरा द्यावा लागला, आणि १५ नोव्हेंबर १९६५ ला ओरलँडोतच रीतसर पत्रकार परिषद झाली.

तोवर सुमारे २७ हजार एकर हाती आले होते. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई त्यात मावून उरेल. सरासरी भाव पडला एकराला २०० डॉलरच्या आत. नाव फुटले त्या दिवसापासून आजूबाजूचे भाव कैक पटींनी चढले.

या हकिकतीत बेव्हरबाईंचे कौतुक सगळे करतात, तसे मीही केले. पण माझे मन अडकले ते सही करून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांत. आपल्या सातबाऱ्यावरचे नाव कोणासाठी उतरते आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. गुपित राखणाऱ्याचा फायदा झाला, ज्याच्यापासून राखले तो हात चोळत बसला. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्के बसले, की डिस्ने काही नाही म्हणते तेव्हाच काहीतरी असते. आमच्या तालुक्याच्या एजंटाने या बेव्हरबाईंचे नाव ऐकले असेल असे नाही. पण त्याचा माल याच समजुतीवर खपतो.

न झालेले इराणी हॉटेल

जमीन घेतली, पण वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला. त्याच्या भावाने काम पुढे नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडाचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले. पार्काभोवतीच्या तळ्यांच्या काठी पाच मोठी हॉटेले करायची असा पहिल्या टप्प्याचा आराखडा होता. दोन बांधून तयार झाली, काँटेंपररी आणि पॉलिनेशियन. उरलेल्या तिघांतले एक व्हेनिसच्या धर्तीवर, एक थायलंडच्या, आणि तिसरे (हे वाचून मला हसू आले) इराणी धर्तीवर. नाव पर्शियन. मधोमध निळा घुमट, भोवती कमानी, अलिफ-लैलाच्या गोष्टींत शिरल्यासारखे वाटावे असा थाट. कंपनीने चित्रे छापली, लोकांनी ती पाहिली, आणि अमेरिकेतल्या मुलांनी घुमटाखाली झोपायची स्वप्ने पाहिली असतील.

ते हॉटेल झाले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. मोटारीने फ्लोरिडाला येणारी कुटुंबे घरी बसली आणि तिन्ही हॉटेलांचे कागद कपाटात गेले. थाई हॉटेलाच्या जागी १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन उभे राहिले. घुमट मात्र चित्रातच राहिला. आखाताचे तेल थांबले म्हणून फ्लोरिडात हॉटेल झाले नाही, आणि आज आखाताच्याच पैशावर डिस्ने आखातात जाते आहे. असो.

त्यानंतरची यादी लांब आहे. व्हर्जिनिया राज्यात अमेरिकेच्या इतिहासावर एक पार्क करणार असे कंपनीने नोव्हेंबर १९९३ मध्ये जाहीर केले. इतिहासकार आणि गावकरी विरोधात उभे राहिले, दहा महिन्यांत गाशा गुंडाळला. ही अफवा नव्हती. कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली बातमी होती.

कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइमचे प्रकरण तर मला जास्त लागले, कारण ते हॉटेलाचे आहे. तिथल्या डिस्नेलँडजवळ ७०० खोल्यांचे आलिशान हॉटेल व्हायचे होते. २०१६ मध्ये शहर पालिकेने त्यासाठी करात मोठी सवलत मंजूर केली. त्या जागेवर आधीपासून चालू असलेली दुकाने, खाणावळी आणि सिनेमागृह २०१८ च्या जूनमध्ये बंद झाले. मग सवलतीवरून पालिका आणि कंपनी यांचे फाटले आणि ऑक्टोबरमध्ये हॉटेल रद्द! चार महिन्यांपूर्वी कुलूप लावलेल्या खाणावळींत वाढपी होते, स्वयंपाकी होते, भांडी घासणारे होते. पुढे एक सँडविचचे दुकान तिथेच परत उघडले. बाकीच्यांचे काय झाले ते बातमीत येत नाही.

एनए झाले म्हणजे घर झाले नाही

फ्लोरिडात चार मोठी पार्के आहेत. चौथे, ॲनिमल किंगडम, एप्रिल १९९८ मध्ये उघडले. तेव्हापासून "पाचवे येतेय" ही कंडी दर दोन-तीन वर्षांनी पिकते. ती कशी पिकते हे बघण्यासारखे आहे.

२०२३ मध्ये डिस्नेने जाहीर केले, की दहा वर्षांत पार्के आणि जहाजे यांवर जगभर मिळून ६० अब्ज डॉलर खर्च करू. झाले, लोक जागा शोधायला लागले. जून २०२४ मध्ये तिथल्या स्थानिक प्राधिकरणाशी डिस्नेचा पंधरा वर्षांचा करार झाला. त्यात कंपनीला पाचवे मोठे पार्क आणि दोन लहान पार्के बांधण्याची मुभा आहे, आणि हॉटेलांच्या खोल्या सुमारे ४० हजारांवरून ५३ हजारांच्या वर नेण्याचीही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काय फिरले असेल? "पाचवे पार्क मंजूर!" मंजूर होतेच. पण मुभा आणि बांधकाम यांत किती अंतर असते हे आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. गावाबाहेरचा प्लॉट एनए करून पंधरा वर्षे त्यावर गवत वाढू देणारे प्रत्येकाच्या नात्यात असतात.

दुसरा प्रकार त्याहून नाजूक आहे. डिस्नेच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरतो. सप्टेंबर २०२२ च्या मेळाव्यात अधिकाऱ्यांनी काही रंगीत चित्रे दाखवली आणि म्हटले, असे केले तर कसे होईल? ॲनिमल किंगडममधल्या डायनोसॉरच्या जागी झूटोपिया आणि मोआना या चित्रपटांचे विश्व केले तर? "केले तर" हे शब्द सभागृहातून बाहेर पडेपर्यंत गळून गेले. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये खरी घोषणा झाली तेव्हा त्या जागी एन्कांतो आणि इंडियाना जोन्स निघाले. कंपनी खोटे बोलली असे म्हणता येणार नाही. आपण ऐकताना अर्धे वाक्य ऐकले.

तिसरा प्रकार निव्वळ थट्टेचा. माऊस ट्रॅप न्यूज नावाची एक मंडळी डिस्नेविषयी मनाने रचलेल्या बातम्या देतात. थट्टा आहे असे ते स्वतःच सांगतात, पण ती ओळ फॉरवर्ड होत नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये दारू पिण्याचे वय अठरावर आणण्यासाठी कंपनी कोर्टात लढते आहे, ही त्यांची बातमी २०२२ मध्ये इतकी पसरली, की वर्तमानपत्रांना ती खोटी असल्याचे छापावे लागले.

आपल्या मराठीत यासाठी केवढा छोटा शब्द आहे. "म्हणे." डिस्नेलँड होतंय म्हणे. भरती आहे म्हणे. बोलणारा स्वतःच सांगून मोकळा होतो, की मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. आपाने फोनवर पहिल्याच वाक्यात "म्हणे" म्हटले होते. एजंटाच्या छापील कागदावर मात्र तो शब्द नव्हता.

उघडलेलेही टिकते असे नाही

हॉटेल बांधून, उघडून, पाहुणे येऊन गेले, तरी भरवसा नाही. फ्लोरिडात १ मार्च २०२२ ला एक अजब हॉटेल सुरू झाले. स्टार वॉर्स चित्रपटांतल्या अंतराळयानासारखे, फक्त १०० खोल्या, दोन रात्रींचा मुक्काम, आणि चौघांच्या कुटुंबाला जवळपास ६ हजार डॉलर. त्याची बातमी २०१७ पासून गाजत होती. ३० सप्टेंबर २०२३ ला ते बंद झाले. पुरती दोन वर्षेही नाहीत. तळ्याकाठच्या आणखी एका हॉटेलाची घोषणा २०१८ मध्ये झाली, ९०० वर खोल्या, जागा साफ करून घेतली, तेवढ्यात कोविड आला आणि काम थांबले. आता नाव बदलून ते २०२७ मध्ये उघडणार असे सांगतात. त्याच कोविडमध्ये, सप्टेंबर २०२० ला, डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांच्या विभागातून २८ हजार माणसे कमी करत असल्याचे जाहीर केले होते.

आखातातही हेच पाहिले आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी ते गाडीच्या काचेतून पाहिले आहे. दुबईत युनिव्हर्सल स्टुडिओज येणार म्हणून २००८ मध्ये वाळवंटात भव्य कमान उभी राहिली. मग जगभर मंदी आली. कमान तेवढी उरली, आत काही नव्हते. कित्येक वर्षे ती तशीच उभी होती. माझे चुलत दीर तेव्हा दुबईत ड्रायव्हर होते. सुट्टीवर आले की सांगायचे, "दरवाजा आहे, घर नाही." सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकन कंपनीचे दुबईतले पार्क २०१९ मध्ये रद्द झाले. आणि बॉलीवूड पार्क्स? ते तर खरोखर उघडले होते. २०१६ च्या अखेरीला आपल्याकडच्या किती कुटुंबांनी तिथे फोटो काढले! २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाले.

यास बेटावर काही होणार नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिथे चार मोठी पार्के चालू आहेत, पैसा आहे, जाहीर करार आहे. डिस्ने बहुधा होईल, हॉटेले होतील, आणि त्यांत कोकणातली, मराठवाड्यातली मुले कामाला असतील. आजही अबुधाबीच्या हॉटेलांत ती आहेतच. प्रश्न फक्त आज कोणाच्या हातात पैसे ठेवायचे एवढाच होता.

पाटली

मी आपाला अमेरिकेच्या या हकिकती सांगितल्या, तिने ऐकून घेतल्या आणि विचारले, "ते ठीक. पण एजंटाला काय सांगू?"

मग दुसऱ्या बाजूने शोधले. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला आपल्या देशात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. परवाना असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि घेतले तर पावती द्यावी लागते. अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराच्या डोक्यावर टाकायलाच मनाई आहे. पर्यटक व्हिसावर नेऊन "तिथे गेल्यावर बदलून देतो" म्हणणारा माणूस काय करतो आहे, हे आखातात राहिलेल्या कोणालाही विचारा.

शनिवारी दुल्हाभाई आणि भाचा एजंटाकडे गेले. जाण्याआधी मी भाच्याला तीनच प्रश्न लिहून दिले होते. तुमचा परवाना क्रमांक काय? अमिरातीतल्या मालकाचे नाव काय, आणि ते करारात लिहून द्याल का? दहा हजारांची पावती कुठे आहे? पहिल्या प्रश्नाला तो हसला. दुसऱ्याला म्हणाला, "अहो, डिस्नेचं नाव पुरत नाही का?" तिसऱ्या प्रश्नावर त्याचा आवाज चढला, की इतका संशय असेल तर पासपोर्ट घेऊन जा, माझ्याकडे मुलांची रांग आहे.

रांग खरोखर होती. बाहेरच्या बाकावर चार मुले फाइली घेऊन बसली होती, दोघांच्या सोबत त्यांच्या आया होत्या. भाच्याने त्यांना परवान्याच्या यादीचे सांगायचा प्रयत्न केला. एक बाई म्हणाली, "तुझा नंबर लागला नाही म्हणून बोलतोयस." तो गप्प झाला. दुल्हाभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली आणले.

पासपोर्ट मिळाला. दहा हजार मिळाले नाहीत. पोलिसांत अर्ज द्यावा असे मी म्हणते. दुल्हाभाई म्हणतात, गावात राहायचे आहे, त्या माणसाचे सासर आपल्याच मोहल्ल्यात आहे. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. अर्ज लिहून माझ्या पर्समध्ये तयार ठेवला आहे.

भाचा सध्या गणपतीपुळ्याजवळच्या एका हॉटेलात आहे, या वेळी हंगामापुरता नव्हे. पगार कमी आहे, पण दर महिन्याला खात्यात जमा होतो, आणि अनुभवाचे पत्र मिळणार आहे. परवा ईदला घरी आला होता. शीरखुर्मा खाता खाता त्याने मोबाइल पुढे केला. कोणीतरी नवीन निरोप पाठवला होता, या वेळी सौदीतल्या एका मोठ्या पार्काचा. खाली तोच ठरलेला मजकूर, जागा थोड्या, लगेच संपर्क साधा.

आपाने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारले, "याचा परवाना नंबर कुठे लिहिलाय?"